बरणीला कुणाचा हात लागला?

२०१९ च्या ऑगस्टमध्ये सांगलीत आयर्विन पुलापाशी कृष्णेने ५७ फुटांची पातळी गाठली. तिथली धोक्याची पातळी ४५ फूट आहे, एवढे सांगितले म्हणजे बाहेरच्या वाचकाला अंदाज येईल. आमचे घर जरा उंचावर, म्हणून उंबऱ्याच्या आत पाणी आले नाही. नळ मात्र बंद पडले आणि पुढचे कितीतरी दिवस आम्ही टँकरच्या पाण्यावर काढले. त्या पाण्याला टीसीएल पावडरचा उग्र वास होता. त्याबद्दल माझी तक्रार नाही. पुरानंतर गावात कावीळ, गॅस्ट्रो पसरला नाही, तर त्याचे श्रेय त्या वासालाच द्यायला हवे.

त्याच आठवड्यात मला ताप येऊन गेला. तोंडाला चव नव्हती, म्हणून आईच्या पद्धतीची नाचणीची आंबील करायला घेतली. रात्री पीठ ताकात आणि पाण्यात कालवून बरणीत ठेवले. सकाळी झाकण उघडले तर आंबट वासाऐवजी दवाखान्याचा वास. जखमेवरच्या पट्टीला, ड्रेसिंगच्या खोलीत येतो तसा. त्याच्या खाली आणखी एक कुबट, मोरीसारखी छटा. ओतून दिले, पुन्हा लावले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

आमच्याकडे स्वयंपाकाला एक ताई येतात. त्या दिवशी त्या आत आल्या आणि माझ्या तोंडून वाक्य निघून गेले, ‘‘बरणीला तुमचा हात लागला होता का हो?’’

त्यांनी एक क्षण माझ्याकडे पाहिले. ‘‘न्हाई बाई,’’ म्हणाल्या आणि कणीक मळायला बसल्या. मी तीस वर्षांहून अधिक काळ महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत होते. विचारण्यासारखे दहा प्रश्न माझ्याजवळ होते. त्यातला सगळ्यात जुना आणि सगळ्यात निरुपयोगी प्रश्न मी विचारला होता.

काकूची बरणी

तो प्रश्न मी कुठे शिकले, हे मला नेमके ठाऊक आहे. १९७१ साली मी नऊ वर्षांची होते. साताऱ्यातल्या आमच्या जुन्या घरात तेव्हा तीन चुली एकत्र होत्या. उन्हाळ्याच्या शेवटी कैरीचे लोणचे घातले आणि पंधरा-वीस दिवसांत बरणीच्या गळ्याशी पांढरी-हिरवी बुरशी धरली. त्या काळात वर्षाचे लोणचे बिघडणे हा लहान तोटा नव्हता. घरात चौकशी बसली आणि संध्याकाळपर्यंत निकाल लागला. मधल्या काकूला कावळा शिवायचा दिवस त्या महिन्यात अलीकडे आला होता. तिला स्वतःला कळायच्या आधी, त्या सकाळी, तिने बरणी उचलून फडताळात ठेवली होती. बस्स. पुढची कितीतरी वर्षे, ‘बाजूला’ नसतानाही, काकूने लोणच्याच्या बरणीला हात लावला नाही. तिला कुणी बंदी केली होती असे नाही. पण फडताळ उघडायची वेळ आली की ती आम्हा मुलींपैकी कुणाला तरी हाक मारायची.

पुढे मी या विषयाचे शिक्षण घेतले आणि लोणचे का बिघडते ते शिकले. बुरशीला हवा लागते आणि पाणी लागते. मीठ पुरेसे असले तर फोडींतले पाणी त्या मिठात अडकून राहते, बुरशीच्या उपयोगाला येत नाही. वर तेलाचा थर असला तर हवा तुटते. बरणी आतून ओली राहिली तर जिथे ते पाणी ओघळते तिथे खार पातळ होतो, आणि गळ्याशी तेलही पोचत नाही. बुरशी नेमकी तिथे धरते. त्या वर्षी मृगाचा पाऊस लवकर आला होता आणि बरणी लोणचे घालायच्या सकाळीच धुतली होती, एवढे मला आठवत होते. वर्गात हा दाखला मी अनेकदा दिला. काकूला मात्र कधी सांगितला नाही.

भाच्याची बीअर

आंबील दोनदा बिघडल्यानंतर महिनाभरात माझ्या भाच्याचा फोन आला. तो इंग्लंडमध्ये नोकरीला आहे. तिथे स्वतःपुरती बीअर घरी करायला १९६३ पासून परवाना लागत नाही. त्यामुळे बादली, नळी, बाटल्या, यीस्टची पुडी असा संच दुकानात मिळतो. त्याने पहिला घाणा लावला होता आणि तो फसला होता.

‘‘मावशी, तू हसशील. बीअरला बँडेजचा वास येतोय.’’

मी हसले नाही. ‘‘बादली कशाने धुतलीस?’’ असे विचारले. ब्लीचने. मग किती पाण्याने विसळली? एकदा. आणि पाणी? नळाचे, थेट. त्याच्या संचाबरोबर आलेल्या पुस्तिकेत बीअर कशी करायची ते थोडक्यात होते आणि भांडी कशी धुवायची व पाणी कसे तयार करायचे यावर पाने खर्ची घातली होती. ती पाने त्याने उलटून टाकली होती. नवशिके तेवढीच पाने उलटतात.

इथे एक गोष्ट स्पष्ट करून पुढे जाते. आपल्याकडे महाराष्ट्र दारूबंदी अधिनियम, १९४९ नुसार परवान्याशिवाय घरी बीअर, वाइन किंवा कोणतीही दारू करणे हा गुन्हा आहे. तेव्हा हा लेख त्या कृतीचा नाही. पण भाच्याच्या बादलीत आणि माझ्या बरणीत जे घडले ते एकच होते. दही, आंबील, कांजी, इडलीचे पीठ, आसव-अरिष्ट, वाइन, बीअर ही सगळी एका कुळातली आहेत. या कुळात पदार्थ आपण करत नाही. तो सूक्ष्मजीव करतात. आपले काम त्यांना जागा करून देण्याचे.

रुमाल टाकून जागा

सातारा किंवा सांगलीच्या एस. टी. स्टँडवर ज्याने गाडी धरली आहे त्याला आंबवण्याचे शास्त्र समजावून सांगायला वेळ लागत नाही. गाडी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकून जागा धरावी लागते. एकदा जागा गेली की गेली.

ताकात कालवलेले पीठ ही अशीच रिकामी गाडी आहे. त्यात साखर आहे, पाणी आहे, ऊब आहे. ताकातले लॅक्टिक आम्ल करणारे जिवाणू जर मोठ्या संख्येने आधी बसले, तर काही तासांत ते पीठ इतके आंबट करतात की बहुतेक इतर जिवाणूंना तिथे वाढता येत नाही. आम्लतेचे माप, म्हणजे पी.एच., ४.६ च्या खाली गेले की बोटुलिझमसारखे घातक विष करणाऱ्या जिवाणूचीही वाढ थांबते. विरजण लावणे म्हणजे रुमाल टाकणे. पण भांड्याच्या चिरेत, झाकणाच्या रिंगेत, गाळणीच्या जाळीत कालचे प्रवासी आधीच बसलेले असतील, तर रुमालाचा उपयोग कमी होतो. सुरुवातीचे बारा-चोवीस तास ही खरी शर्यत. ती कोण जिंकणार हे पीठ कालवायच्या आधीच, भांडे घासताना, बरेचसे ठरलेले असते.

ही गोष्ट माणसाला कळली त्याला फार काळ झालेला नाही. १८५६ साली फ्रान्समधल्या लील शहरात बीटापासून मद्यार्क करणारा एक कारखानदार लुई पाश्चरकडे आला. त्याचा मुलगा पाश्चरचा विद्यार्थी होता. काही पिंपांतला माल चांगला निघे, काहींतला आंबून जाई, आणि का ते कुणाला कळत नव्हते. पाश्चरने दोन्ही पिंपांतले थेंब सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले. चांगल्या पिंपात यीस्टचे गोल दाणे होते, बिघडलेल्या पिंपात त्याहून कितीतरी बारीक काड्या. दुसऱ्या वर्षी, १८५७ मध्ये, त्याने लॅक्टिक आंबवणावरचा आपला निबंध मांडला. पिंप बिघडले ते दैवाने नव्हे आणि कुणाच्या स्पर्शदोषानेही नव्हे. चुकीचा पाहुणा आधी येऊन बसला होता.

त्याच्या नऊ वर्षे आधी, १८४७ मध्ये, व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात इग्नाझ सेमेलवाइस या डॉक्टरने शवविच्छेदन करून येणाऱ्या डॉक्टरांना क्लोरिनेटेड लाइमच्या पाण्यात हात धुवायला लावले. एप्रिलमध्ये त्या कक्षात शंभर बाळंतिणींमागे अठरा मरत होत्या, जूनमध्ये तो आकडा दोनच्या आसपास आला. हे क्लोरिनेटेड लाइम म्हणजेच आपली ब्लीचिंग पावडर, आणि तिचाच उष्ण हवेत टिकणारा भाऊ म्हणजे ग्रामपंचायतीच्या खोलीत असते ती टीसीएल, ट्रॉपिकल क्लोराइड ऑफ लाइम. हाताने बाधा होते, हे आपल्या घरांतही सगळे मानत होते. फक्त कुणाच्या हाताने, याचे उत्तर आपण बाईच्या महिन्याच्या दिवसांत आणि माणसाच्या जातीत शोधले. सेमेलवाइसने ते नामांकित डॉक्टरांच्या बोटांवर शोधले, आणि म्हणूनच त्याच्या काळातल्या अनेक बड्या डॉक्टरांना ते रुचले नाही.

आजीला काय ठाऊक होते

याचा अर्थ जुन्या स्वयंपाकघरांना काही कळत नव्हते, असा मुळीच नाही. माझी आजी लोणच्याची बरणी उन्हात कोरडी ठणठणीत करायची. मग निखाऱ्यावर हिंग टाकून त्यावर बरणी पालथी धरायची. हिंगाची धुरी. त्या उष्णतेने उरलेला ओलावा जातो. धुरात फिनॉलच्या जातीची द्रव्ये असतात, हिंगात गंधकयुक्त द्रव्ये असतात, आणि दोन्ही सूक्ष्मजीवांना मारक असतात. पाश्चात्य वाइनच्या तळघरांत लाकडी पिंपात गंधकाची वात जाळतात, त्याची ही चुलतबहीण. तासगावच्या द्राक्षाच्या पेटीत वरून जो कागदी पॅड ठेवतात तोही तेच करतो, ओलाव्याने त्यातून सल्फर डायऑक्साइड हळूहळू सुटतो आणि मण्यांवर बुरशी धरत नाही.

आयुर्वेदातल्या संधानाच्या कृती पाहिल्या तर भांडे आणि पाणी यांची शिस्त आणखी स्पष्ट दिसते. मडक्याला आतून तूप जिरवायचे, धूप द्यायचा, मगच द्रव भरायचा. तुपाने मातीची छिद्रे बुजतात. छिद्रे बुजली की जुन्या घाण्याचे अवशेष लपायला जागा उरत नाही. आसव आणि अरिष्ट यांतला फरकही शार्ङ्गधरसंहितेने पाण्यावरच केला आहे. औषधी न उकळता, कच्च्या पाण्यात आंबवली तर आसव. काढा करून, म्हणजे पाणी उकळून आंबवले तर अरिष्ट. अरिष्ट या शब्दाचा एक अर्थच ‘ज्याला नाश नाही ते’ असा सांगतात. आणि ज्या धायटीच्या फुलांनी हे आंबवण सुरू होते ती आपल्या सह्याद्रीच्या उतारांवर उन्हाळ्यात लाल फुललेली असतात. त्यांच्यावर जंगली यीस्ट असते. तोही एक रुमालच.

पितळेच्या भांड्याला कल्हई हवी, आंबट पदार्थ बिनकल्हईच्या भांड्यात ठेवू नये, हेही असेच शहाणपण. आम्लात तांबे विरघळते आणि पोटात जाऊन मळमळ, ओकाऱ्या होतात. या ज्ञानात खोट नव्हती. खोट एवढीच होती, की त्याच दोरीत विटाळाचाही एक धागा वळला होता, आणि काही बिघडले की बरणी तपासायच्या आधी तोच धागा ओढला जायचा.

धुणे वेगळे, निर्जंतुक करणे वेगळे

आता कृतीकडे येते. माझा भाचा, मी आणि बहुतेक नवशिके एकच चूक करतात. धुणे आणि जंतू मारणे ही दोन कामे आहेत हे विसरून ती एकदमच उरकायला बघतात.

पहिले काम धुण्याचे. भांड्याला चिकटलेले पीठ, स्निग्ध पदार्थ, दुधाचा थर हे सगळे आधी निघाले पाहिजे. त्यासाठी गरम पाणी आणि धुण्याचा सोडा पुरतो. लिटरभर गरम पाण्यात एक चमचा सोडा घालून भांडे अर्धा तास भरून ठेवावे, मग मऊ घासणीने घासावे. ॲल्युमिनियमच्या भांड्याला सोडा लावू नये, ते खाल्ले जाते. प्लॅस्टिकच्या डब्याला तारेची घासणी लावू नये, कारण प्रत्येक ओरखडा हा जंतूंचा खंदक असतो. झाकणाची रबरी रिंग काढून वेगळी धुवावी. नळी, तोटी, गाळणी, रवीच्या पाकळ्यांमधल्या खाचा या जागा डोळ्यांना दिसत नाहीत, म्हणून तिथेच घाण राहते. भिलवडीच्या परिसरात दुधाचा धंदा जुना आहे. तिथल्या कुणाही जाणत्या गवळ्याला विचारा, किटली आतून चकचकीत दिसली तरी तो झाकणाच्या कडेवरून बोट फिरवून बघेल. बोट बुळबुळीत लागले तर किटली धुतलेली नाही.

दुसरे काम जंतू मारण्याचे, आणि ते स्वच्छ भांड्यावरच होते. याचे कारण साधे आहे. घाणीच्या थराखाली औषध पोचत नाही, आणि क्लोरीन तर त्या घाणीवरच खर्च होऊन जातो. काच, स्टील आणि चिनी मातीच्या भांड्यांसाठी सर्वांत चांगला उपाय म्हणजे उकळते पाणी किंवा वाफ, दहा मिनिटे. काचेची बरणी थंड पाण्यात ठेवून हळूहळू तापवावी, नाहीतर तडकते. उष्णता न सोसणाऱ्या वस्तूंसाठी टीसीएलचे पाणी चालते. या पावडरीत वजनाच्या साधारण ३० टक्के उपयुक्त क्लोरीन असतो. पाच लिटर पाण्यात साधारण साडेतीन ग्रॅम पावडर घातली की लिटरला २०० मिलिग्रॅमच्या आसपास क्लोरीन मिळतो. निवळ वरून घ्यावी, वस्तू त्यात पाच-दहा मिनिटे बुडवाव्यात आणि मग उकळून गार केलेल्या पाण्याने दोन-तीनदा विसळाव्यात. साध्या पाण्याने विसळले तर मारलेले जंतू पुन्हा बोलावल्यासारखे होते. स्टीलची भांडी या पाण्यात रात्रभर ठेवू नयेत, त्यांना बारीक खड्डे पडतात. आणि टीसीएलमध्ये लिंबू, व्हिनेगर किंवा संडास साफ करायचे ॲसिड कधीही मिसळू नये. क्लोरीन वायू सुटतो आणि तो जिवावर बेततो.

तिसरे, विसळल्यावर पुसू नये. फडके कितीही शुभ्र असले तरी ते स्वयंपाकघरातली सर्वांत गजबजलेली वस्ती असते. भांडे जाळीवर पालथे घालून निथळू द्यावे.

साताऱ्याचे पाणी, सांगलीचे पाणी

पाण्याचा धडा मला सासरी मिळाला. माहेरी साताऱ्यात आमच्या पेठेला कासच्या तलावाचे पाणी यायचे. जांभ्या दगडाच्या पठारावर पडलेला पाऊस, तोच साठवून उताराने शहरात आणलेला. त्या पाण्यात साबण लगेच फेसाळायचा, डाळ चटकन शिजायची. लग्न होऊन १९८६ साली तासगाव तालुक्यातल्या गावी आले. तिथे विंधनविहीर. तुरीची डाळ शिट्ट्यांवर शिट्ट्या झाल्या तरी कणी धरून बसायची. आईच्या मापाने लावलेली आंबील रात्रभरात आंबायची नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी कुठे वास धरायची. सासूबाई म्हणायच्या, ‘‘तुमच्या डोंगरातलं पाणी हिकडं कुठनं आणायचं?’’

पुढे महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत मी त्या विहिरीचे पाणी तपासले. अल्कता, म्हणजे आम्ल पचवून टाकण्याची पाण्याची ताकद, लिटरला ३८० मिलिग्रॅम निघाली. पिण्याच्या पाण्याचे भारतीय मानक (आय.एस. १०५००, २०१२) २०० पर्यंत पसंतीचे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत चालणारे मानते. म्हणजे ते पाणी प्यायला चालण्यासारखे होते. पण हिशेब मांडून पाहा. ३८० अल्कतेचे एक लिटर पाणी सुमारे ०.७ ग्रॅम लॅक्टिक आम्ल गिळून टाकते. ताकातले जिवाणू जे पहिले आम्ल तयार करतात ते पाण्याच्या पोटात जाते, पिठाचा पी.एच. खाली यायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ नको त्या पाहुण्यांना मोकळे रान मिळते. सासूबाईंचे वाक्य रसायनशास्त्राच्या दृष्टीने बिनचूक होते.

काळ्या दगडातून, काळ्या मातीतून मुरलेले पाणी आपल्याबरोबर कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची बायकार्बोनेटे घेऊन येते. शाळेच्या पुस्तकात त्याला दुष्फेन पाणी म्हटले आहे. बीअर करणाऱ्या देशांत या फरकावरून गावांची नावे झाली. चेक देशातल्या पिल्झेनचे पाणी अतिशय मृदू, तिथे १८४२ पासून फिकट सोनेरी बीअर झाली. इंग्लंडमधल्या बर्टनच्या विहिरींत जिप्समचा अंश, तिथे कडवट पेल एल नावाजली. डब्लिनचे पाणी अल्कधर्मी, म्हणून तिथे करपवलेल्या, मुळातच आम्लधर्मी बार्लीची काळी बीअर जमली. त्या लोकांनी पाण्याला दोष दिला नाही, पाण्याला जमेल तो पदार्थ शोधला. आपल्याकडेही पाटण-जावळीच्या डोंगरात नाचणीची आंबील आणि पूर्वेकडच्या माणदेशात ज्वारीची, हा फरक मुख्यतः पिकांचा आहे. तरी पाणी बदलले की प्रमाण बदलावे लागते, हे दोन्हीकडच्या बायकांना पक्के ठाऊक असते. कडक पाण्याच्या गावात ताक सढळ घालतात. पाण्याने गिळलेल्या आम्लाची ती आगाऊ भरपाई असते.

पाणी तयार करायचे म्हणजे तीन गोष्टी. एक, जंतू मारणे. दोन, क्लोरीन घालवणे. तीन, जमेल तेवढी अल्कता उतरवणे. सुदैवाने या तिन्हींना एकच उपाय पुष्कळसा पुरतो. पसरट पातेल्यात पाणी पंधरा मिनिटे खळखळून उकळावे. जंतू मरतात, क्लोरीन उडून जातो आणि कॅल्शियमचे बायकार्बोनेट फुटून चुनखडीच्या रूपाने तळाशी बसते. पातेल्याला धरणारा तो पांढरा थर म्हणजे हीच चुनखडी. झाकून गार होऊ द्यावे आणि तळ न ढवळता वरचे पाणी ओतून घ्यावे. जिप्सममुळे आलेला कडकपणा उकळून जात नाही, पण तो आम्लही गिळत नाही, म्हणून आपल्याला त्याचा त्रास नाही. फार खारट विहिरीचे पाणी असेल तर त्यात अर्धे आर.ओ.चे मिसळावे. नुसते आर.ओ.चे पाणीही चालते, मात्र त्याचा नळ आणि टाकी स्वच्छ असल्याची खात्री हवी, कारण क्लोरीन नसलेल्या पाण्यात जंतू बिनधास्त वाढतात.

आता दवाखान्याचा वास. क्लोरीन आणि धान्याच्या टरफलातली फिनॉले एकत्र आली की क्लोरोफिनॉल तयार होते. नाकाला ते अब्जांश प्रमाणातही कळते. नाचणीचा तांबूस रंग ज्या द्रव्यांमुळे असतो ती याच जातीची. बार्लीच्या सालीतही ती असतात. माझ्या आंबिलीचा आणि भाच्याच्या बीअरचा वास एकच का होता, याचे हे उत्तर. गावोगावी जलसुरक्षक ओ.टी. टेस्टच्या नळीत पाणी घेऊन पिवळा रंग येतो का बघतो. तो रंग येणे हे पिण्याच्या पाण्यासाठी शुभचिन्ह, आंबवणासाठी इशारा. मानक सांगते की पिण्याच्या पाण्यात लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम क्लोरीन उरलेला हवा. तो तसा असूच द्यावा. आंबवणापुरते पाणी तेवढे उकळून घ्यावे.

चार बरण्या

भाच्याचा फोन ठेवल्यावर मी चार सारख्या बरण्या घेतल्या. पीठ एकाच पिशवीतले, ताक एकाच पातेल्यातले. पहिली बरणी नेहमीसारखी विसळलेली, त्यात टँकरचे पाणी. दुसरी नीट धुऊन उकळलेली, त्यात टँकरचेच पाणी. तिसरी नुसती विसळलेली, पण पाणी उकळून गार केलेले. चौथी धुऊन उकळलेली आणि पाणीही उकळलेले. चोवीस तासांनी ताईंना बोलावून आम्ही दोघींनी वास घेतला. कोणत्या बरणीत काय आहे हे त्यांना सांगितले नव्हते. पहिल्या दोन्हींना त्यांनी ‘‘दवाखाना’’ म्हटले. पहिल्या आणि तिसऱ्या बरणीला ‘‘मोरी’’. चौथीला त्या काही म्हणाल्या नाहीत, फक्त बोट बुडवून चाटले.

म्हणजे दवाखाना पाण्यातून आला होता आणि मोरी बरणीतून. मी पहिल्या बरणीच्या झाकणाची रबरी रिंग सुरीच्या टोकाने उचलली. खाली करडा, बुळबुळीत थर होता. ती बरणी मी धुवत होते, ताई नव्हे. लोणच्या-आंबिलीच्या बरण्यांना दुसऱ्या कुणाचा हात लागू नये, म्हणून वर्षानुवर्षे त्या मीच धुवत आले होते. मी रिंग ताईंसमोर धरली आणि म्हटले, ‘‘माझंच चुकलं होतं. तुम्हाला उगीच बोलले.’’ त्या म्हणाल्या, ‘‘ऱ्हाऊ द्या बाई,’’ आणि रिंग माझ्या हातातून घेऊन सोड्याच्या पाण्यात टाकली.

त्या दिवाळीत साताऱ्याला गेले. काकू आता पंचाहत्तरीची आहे. तिच्याजवळ बसून मी अठ्ठेचाळीस वर्षे उशिरा तो खुलासा केला. मीठ, तेलाचा थर, गळ्याशी राहिलेले पाणी, बुरशीचे बीज, सगळे सांगितले. तिने शांतपणे ऐकून घेतले.

‘‘मला ठाऊक होतं की गं,’’ ती म्हणाली. ‘‘उचलताना माझी बोटं ओली झाली होती. बरणी आतून वाळलीच नव्हती.’’

‘‘मग तेव्हा बोलली का नाहीस?’’

‘‘कुणाला सांगणार? मी बरणीला हात लावलाय हेच तर त्यांना हवं होतं.’’

मी एवढी वर्षे समजत होते की काकूला कारण माहीत नव्हते आणि मला होते. भांडे धुणे, पाणी उकळणे, रिंग काढून बघणे हे सगळे कुणालाही आठवडाभरात शिकवता येते. कठीण आहे ते काही बिघडल्यावर बरणीकडे आधी बघणे. ज्या घरात ती सवय नाही, तिथे बरणी ओली असल्याचे ज्याच्या बोटांना कळते, त्याचेच तोंड मिटलेले राहते.

पुढच्या उन्हाळ्यात सांगलीहून मी कैऱ्या, मीठ आणि मसाला घेऊन गेले. काकूने आधी बरणी मागून घेतली, आत हात घालून तळापर्यंत फिरवला आणि मला परत दिली. म्हणाली, ‘‘अजून एक दिवस उन्हात ठेव.’’